चर्चासुद्धा नको?

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद झाला. कुणीतरी कुठल्यातरी देशातल्या अत्याचारांचा व्हिडिओ टाकला, दोन-चार जण हळहळले आणि मग एका मित्राचं नेहमीचं वाक्य आलं, "परराष्ट्र धोरणात भावना नसतात रे, फक्त हितसंबंध असतात. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं?" त्याखाली भराभर अंगठे पडले आणि विषय संपला.

माझ्या डोक्यातून तो गेला नाही. ग्रुपवर एवढं लांब लिहिलं तर लोक म्यूट करतात, म्हणून इथे लिहितोय.

तारीख ६ ऑक्टोबर २०२२. जिनिव्हामध्ये यूएनच्या मानवाधिकार परिषदेत एक प्रस्ताव मतदानाला आला. विषय होता चीनचा शिनजियांग प्रांत, म्हणजे आपल्या लडाखच्या पलीकडचा मुलूख. तिथे एक कोटीहून जास्त उइघुर मुसलमान राहतात. २०१७ पासून तिथे लोकांना मोठ्या प्रमाणावर छावण्यांमध्ये डांबल्याच्या बातम्या येत होत्या. चीन म्हणत होता, ही तर व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं आहेत. शेवटी ३१ ऑगस्ट २०२२ ला, मानवाधिकार उच्चायुक्त मिशेल बॅचलेट यांची मुदत संपायला काही मिनिटं उरलेली असताना, त्यांच्या कार्यालयाचा अहवाल बाहेर आला. मनमानी अटक, छळ, लैंगिक अत्याचाराचे आरोप, सक्तीची नसबंदी, हे सगळं त्यात होतं. हे प्रकार 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' ठरू शकतात, असंही अहवालात म्हटलं होतं.

आता प्रस्ताव काय होता ते नीट वाचा. चीनचा निषेध नाही, निर्बंध नाहीत, चौकशी आयोगसुद्धा नाही. पुढच्या अधिवेशनात या अहवालावर चर्चा घ्यावी, एवढंच. यूएनच्याच कार्यालयाने केलेल्या अहवालावर यूएनच्याच परिषदेत फक्त चर्चा.

प्रस्ताव पडला. बाजूने १७, विरोधात १९, तटस्थ ११. त्या ११ मध्ये आपण होतो.

गणित साधं आहे. तटस्थ राहिलेल्या अकरांपैकी तिघांनी बाजूने हात वर केला असता, तर चर्चा झाली असती.

विरोधात कोण होतं? पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, संयुक्त अरब अमिराती, सेनेगल. जगभरातल्या मुसलमानांच्या नावाने रोज गळा काढणारे देश. इस्लामी देशांपैकी चर्चेच्या बाजूने मत दिलं ते एकट्या सोमालियाने. उइघुरांशी भाषेचं आणि रक्ताचं नातं सांगणारे कझाकस्तान आणि उझबेकिस्तान विरोधात. आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते नामिबियाचं मत. जो देश दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीतून १९९० मध्ये सुटला, ज्याच्यासाठी यूएनमध्ये वर्षानुवर्षं 'बाहेरच्या' देशांनी आवाज उठवला, तोच देश इथे चर्चा नको म्हणाला.

बरं, आपलं स्पष्टीकरण काय होतं? परराष्ट्र मंत्रालय दुसऱ्या दिवशी म्हणालं की शिनजियांगमधल्या लोकांच्या मानवी हक्कांचा आदर व्हायला हवा, पण एखाद्या विशिष्ट देशावरचे ठराव उपयोगाचे नसतात, ही भारताची जुनी भूमिका आहे.

जुनी भूमिका? किती जुनी, हे बघायला थोडं मागे जाऊ.

वर्ष १९४६. देश अजून स्वतंत्रसुद्धा झाला नव्हता, नुकतं हंगामी सरकार आलं होतं. दक्षिण आफ्रिकेने तिथल्या भारतीयांच्या जमीन घेण्यावर आणि राहण्यावर बंधनं घालणारा कायदा केला. भारताने त्या देशाशी व्यापार तोडला आणि प्रकरण थेट यूएनच्या आमसभेत नेलं. शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित. समोर होते जनरल स्मट्स, ज्यांनी यूएनच्या सनदेच्या प्रास्ताविकेचा पहिला मसुदा लिहिला होता. त्यांचा युक्तिवाद काय होता, ठाऊक आहे? ही आमची अंतर्गत बाब आहे, यूएनने यात पडू नये.

भारताने तेव्हा उत्तर दिलं की माणसाला माणूस म्हणून वागवणं ही कुठल्याच देशाची नुसती अंतर्गत बाब नसते. ८ डिसेंबर १९४६ ला ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झाला. एका विशिष्ट देशाविरुद्धचा ठराव! आणि तो आणणारे आपणच.

मान्य, तेव्हा प्रश्न आपल्याच माणसांचा होता. पण आपण तिथे थांबलो नाही. पुढे तिथल्या काळ्या लोकांसाठी, ज्यांचा आपल्याशी ना धर्माचा संबंध ना जातीचा, यूएनमध्ये दशकानुदशकं आपण हा विषय लावून धरला. व्यापारबंदी उठायला १९९३ साल उजाडलं. सत्तेचाळीस वर्षं! यात आपलं हित कुठलं होतं? व्यापाऱ्यांचं तर नुकसानच झालं. तरीही १९९० मध्ये तुरुंगातून सुटलेले मंडेला भारतात आले तेव्हा त्यांचं जे स्वागत झालं, त्याची किंमत कुठल्या आयात-निर्यातीच्या तक्त्यात मांडणार?

त्यामुळे 'देश-विशिष्ट ठराव नको' ही आपली परंपरा आहे असं कुणी सांगितलं तर मला पटत नाही. २०१२ आणि २०१३ मध्ये याच परिषदेत श्रीलंकेवरच्या ठरावांना आपण बाजूने मत दिलं आहे. म्हणजे तत्त्व वगैरे काही नाही. सोयीचं असतं तेव्हा देतो, नसतं तेव्हा तत्त्व आठवतं.

आता खरं कारण बोलू. आपल्याला भीती आहे ती काश्मीरची. २०१८ आणि २०१९ मध्ये याच उच्चायुक्त कार्यालयाने काश्मीरवर अहवाल काढले आणि भारताने ते फेटाळले. आज चीनवर चर्चा होऊ दिली तर उद्या आपल्यावर होईल, हा तो हिशेब. हिशेब म्हणून तो समजतो मला. पण आपल्यावर चर्चा झाली तर आपल्याकडे उत्तर द्यायला संसद आहे, न्यायालयं आहेत, जशी आहेत तशी वर्तमानपत्रं आहेत. चुका असतील तर सुधारायला वाव आहे. चीनची आणि आपली प्रश्नाची भीती एकाच पातळीची असेल, तर मग आपण लोकशाही असण्याचा परराष्ट्र धोरणात उपयोग काय? आणि १९४६ मध्ये तरी आपलं घर कुठे स्वच्छ होतं? अस्पृश्यता होती. त्याच वर्षी कलकत्ता, नोआखाली, बिहार पेटलेलं होतं. तरी आपण बोललो. आधी घर धुऊन काढू आणि मग बोलू असं म्हणत बसलो असतो, तर आजपर्यंत बोललो नसतो.

दुसरा आक्षेप येणारच, की पाश्चात्त्य देश तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत? अजिबात नाहीत. २०१८ मध्ये पत्रकार जमाल खशोगींना इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत मारलं. बायडेन निवडणुकीच्या प्रचारात म्हणाले, सौदीला वाळीत टाकू. २०२१ मध्ये त्यांच्याच गुप्तचर यंत्रणेने अहवाल जाहीर केला की या कारवाईला युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी मंजुरी दिली होती. आणि जुलै २०२२ मध्ये, तेल महागल्यावर, बायडेन जेद्दाहला जाऊन त्याच युवराजांच्या मुठीला मूठ लावून आले. गाझाच्या बाबतीत काय चाललं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. ढोंग आहेच. पण दुकानदार वजनात मारतो म्हणून आपण तराजूच फेकून देतो का? उलट वजनं तपासायला लावतो. आणि तो तराजू खरा लागतो तो दुबळ्यालाच. अमेरिकेकडे आणि चीनकडे लष्कर आहे, त्यांना मानवाधिकार परिषदेची गरज नाही.

तिसरं, ते हितसंबंध. जून २०२० मध्ये गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपण तटस्थ राहिलो. ९ डिसेंबरला, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांनी, तवांगजवळ यांगत्से इथे चिनी सैन्य पुन्हा आपल्या सैन्याशी भिडलं. मत दिलं असतं तर हे टळलं असतं, असं मी म्हणत नाही. पण गप्प बसून हित साधलं जातं असं म्हणणाऱ्यांनी या गप्प बसण्याच्या बदल्यात काय मिळालं, ते तरी दाखवावं.

इल्हाम तोहती हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. बीजिंगमध्ये अर्थशास्त्र शिकवणारे उइघुर प्राध्यापक. बंदूक नाही, स्वतंत्र देशाची मागणी नाही. उइघुर आणि हान चिनी यांनी एकमेकांशी बोलावं, कायद्याने दिलेले हक्क पाळावेत, एवढंच ते लिहीत होते. २०१४ मध्ये फुटीरतावादाच्या आरोपाखाली त्यांना जन्मठेप झाली. २०१९ मध्ये युरोपियन संसदेने त्यांना साखारोव्ह पुरस्कार दिला, तो घ्यायला त्यांची मुलगी उभी होती. परदेशातल्या कित्येक उइघुरांसारखं तिलाही घरच्या माणसाचं नेमकं काय झालंय ते कळत नाही.

युद्ध करा, व्यापार तोडा, राजदूत परत बोलवा, असं कुणीच म्हणत नव्हतं. एका सभागृहात काही तास बोलायचं होतं. तेवढ्याने छावण्या उघडल्या नसत्या, हे मलाही कळतं. पण त्या मुलीला जगाने निदान विषय तरी काढला एवढं कळलं असतं.

म्हणून त्या मित्राला माझं एवढंच सांगणं आहे: दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये हे ठीक. पण शेजारच्या घरातून किंकाळ्या येत असतील आणि सोसायटीच्या मीटिंगला कुणी म्हणालं की 'यावर जरा बोलूया का', तर तिथे तरी हात वर करशील की नाही?

मतभेद असतील तर जरूर लिहा. फक्त 'तेव्हा कुठे होतात' एवढंच लिहू नका. १९४६ मध्ये आपण कुठे होतो, ते वर सांगितलंय.