फेऱ्यांतील फेरे

संगणकास आज्ञा लिहिण्यास शिकणारा विद्यार्थी साध्या 'लूप'पर्यंत आनंदानें येतो. पण एका लूपच्या पोटांत दुसरा लूप आला कीं त्याचें पाऊल अडखळतें. "हा विषय माझा नव्हे," असा निकाल पुष्कळ मुलें येथेंच स्वतःविरुद्ध देतात, आणि दुःखाची गोष्ट ही कीं, पालकही त्यावर फार लवकर सही करितात. आमच्या मतें दोष बुद्धीचा नसून, हातीं कागद न देतां यंत्रापुढें बसविण्याच्या रीतीचा आहे.

वास्तविक ही युक्ति मराठी मुलास नवी नाहीं. पाढे म्हणतांना तो काय करितो? 'बे एके बे'पासून 'बे दाहे वीस'पर्यंत बे जागचा हालत नाहीं. एके, दुणे, त्रिक हे मात्र बदलत जातात. मग बेच्या जागीं तीन येतात, आणि पुनः 'एके'पासून आरंभ होतो. बाहेरील फेरा एक पाऊल टाकतो, तेवढ्यांत आंतील फेरा दहा पावलें चालून येतो. दोनपासून दहापर्यंतचे पाढे 9. ओळी मात्र 19 नव्हेत, 90.

'पुनः एकेपासून' या शब्दांतच सारी मेख आहे. आमच्या वर्गांत एका मुलानें 'व्हाइल' लूप वापरून तारकांच्या 5 ओळी छापावयास घेतल्या. पहिली उमटली, उरलेल्या चार कोऱ्या! त्यानें अर्थातच यंत्रास बोल लाविला. आम्हीं चूक सांगितली नाहीं. कागदावर दोन रकाने आंखून प्रत्येक पावलास दोन्ही मोजण्यांचे आंकडे लिहावयास सांगितलें. पहिल्या ओळीअखेर आंतील मोजणी 6 वर पोंचली व तेथेंच राहिली, हें त्याचें त्यासच दिसलें. ती 1 वर आणण्याची आज्ञा त्यानें दोन्ही फेऱ्यांच्या वर, एकदांच, लिहिली होती. ती बाहेरील फेऱ्याच्या आंत, परंतु आंतील फेऱ्याच्या आधीं नेतांच पांचही ओळी उमटल्या. त्या दिवशींचा त्याचा चेहरा आम्हांस अजून आठवतो.

तयार उत्तरें आज हवीं तितकीं मिळतात, व तीं उतरून गुणही मिळतात. म्हणून पालकांस आमची एक विनंती आहे. पहिल्या ओळींत एक व पांचवींत पांच अशा 15 तारकांचा त्रिकोण मुलानें करून दाखविला, तर तोच उलटा करावयास सांगावें. तो अडला तर रागावूं नये. कागद पुढें ठेवावा, दोन रकाने आंखावे, आणि शेजारीं बसावें.