सुई, नाडी आणि बाबा

पॅराकॉर्ड म्हणजे मुळात पॅराशूटची नायलॉनची दोरी. तिचा मनगटाचा पट्टा विणायला सुई कशाला, बोटं आहेत की, असं मी ठासून सांगायचो. मग बाबांच्या संधिवाताच्या बोटांना शेवटचं टोक विणीखालून काढता येईना. त्यांनी दोरीच बाजूला ठेवली.

शेवटी पोकळ, आतून आटे असलेली सुई आणली. टोकाचे आतले धागे सेंटीमीटरभर ओढून कापायचे, रिकामं आवरण लायटरवर वितळवून निमुळतं करायचं (चटका जपून!), गार झालं की त्यावर सुई पिळत बसवायची. गोंद नको. काम झालं की उलटी फिरवून काढायची.

पायजम्यात नाडी घालताना सेफ्टीपिन वापरतोच ना? तेव्हा कुठे कमीपणा वाटतो?

असो. काल बाबांनी पट्टा पुरा केला.