विश्लेषण : पाटीवर लिहिलेले एक, वाचले जाते दुसरेच… असे का होते?

अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठी नावाखाली तेच नाव उर्दूत असावे की नसावे, हा वाद २०२० मध्ये सुरू झाला. परिषदेची सभा, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ असा प्रवास करत तो दिल्लीला गेला आणि १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उर्दू ओळ कायम ठेवली. नगर परिषदेचे कार्यालय कुठे आहे, हे पातूरकरांना पाटी वाचून शोधावे लागत नाही. मग एका ओळीसाठी पाच वर्षे का लागली?

चिन्हमीमांसा काय सांगते?

स्विस भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर यांची व्याख्याने त्यांच्या निधनानंतर १९१६ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांच्या मते चिन्हाला दोन बाजू असतात. दिसणारे किंवा ऐकू येणारे रूप ही एक आणि त्यातून मनात उमटणारी कल्पना ही दुसरी. या दोहोंची गाठ निसर्गाने मारलेली नसते, ती समाजाच्या सवयीने पडते. लाल रंगात ‘थांबा’ असे काही मुळात नाही. अर्थात सगळीच चिन्हे अशी नसतात. दारात चपलांचा ढीग दिसला की आत माणसे जमली आहेत हे कळते, त्यासाठी कुणी संकेत ठरवावा लागत नाही.

फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी १९५७च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये पुढचा मुद्दा मांडला. पहिल्या अर्थावर दुसरा अर्थ चढतो आणि तो इतका अंगवळणी पडतो की नैसर्गिकच वाटू लागतो. तालुक्याच्या गावातला वाढदिवसाचा फ्लेक्स घ्या. वरवर पाहता तो फक्त शुभेच्छा देतो. पण चौकातला चहावाला तो वेगळाच वाचतो. वर कोणत्या नेत्याचा फोटो, कुणाचा चेहरा मोठा, गेल्या वर्षीचा कोण यंदा गायब? एक फोटो गळाला की पक्षांतराची कुजबुज सुरू होते. बार्थ न वाचताही हे वाचन बिनचूक होते.

पातूरमध्ये नेमके काय घडले?

उर्दू ओळीला हरकत घेणाऱ्या माजी नगरसेविकेचे म्हणणे होते की, कारभाराची भाषा मराठी असल्याने फलकही केवळ मराठीतच हवा. २०२२च्या स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषा कायद्याचा आधारही पुढे आला. न्यायालयाने तो कायदा वाचून सांगितले की, मराठी सक्तीची आहे, पण सोबत दुसरी भाषा लिहायला मनाई नाही. पण निकालाचा गाभा त्यापुढे आहे. भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच भूमीत जन्मली आणि न्यायालयातले ‘अदालत’, ‘हलफनामा’ हे शब्दही तिचेच, याची आठवण खंडपीठाने करून दिली.

चिन्हमीमांसेच्या भाषेत, वाद पहिल्या अर्थाचा नव्हताच. दोन्ही ओळींत ‘नगर परिषद, पातूर’ एवढेच लिहिलेले होते. एकाला त्या लिपीत शेजाऱ्याची सोय दिसली, दुसऱ्याला एक धर्म दिसला. दुसरे वाचन सवयीचे झाले आहे, म्हणून ते बरोबर ठरत नाही. ‘अर्ज’, ‘तारीख’, ‘दुकान’, ‘वकील’ हे फारसी-अरबीतून आलेले शब्द देवनागरीत लिहिले की कुणाला खटकत नाहीत. खटकते ती लिपी.

मग मराठी पाट्यांचा आग्रह चुकीचा?

तसे म्हणता येणार नाही. मार्च २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांची सूट गेली आणि मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असे ठरले. व्यापारी न्यायालयात गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. कॅनडातील अभ्यासक लँड्री आणि बूरी यांनी १९९७ मध्ये मांडले होते की, सार्वजनिक जागेतील पाटी माहिती देते, तसेच कोणत्या भाषकांना तिथे मान आहे हेही दाखवते. राज्याच्या राजधानीत मराठी अक्षरे कोपऱ्यात, बारीक टायपात असणे हा म्हणूनच अपमान वाटतो. पण हाच न्याय पातूरच्या उर्दू वाचकालाही लागू होतो. मराठीला मोठे स्थान मागणे आणि दुसरी लिपी पुसायला लावणे या दोन वेगळ्या मागण्या आहेत. रस्त्यावरच्या आंदोलनांत त्या सर्रास एक केल्या जातात.

पाटी बदलली की अर्थ बदलतो?

याची अवघड परीक्षा वस्त्यांच्या नावांत आहे. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा अशी जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. जुनी नावे पत्ता सांगत आणि त्याच दमात पायरीही दाखवत. आता शब्द बदलले, पण वस्ती गावकुसाजवळ आहे तिथेच राहिली. ‘भीमनगर’ ऐकून तिथे कोण राहते हे ओळखणारे ओळखतातच. तरी फरक लहान नाही. आधीचे नाव इतरांनी लादलेले होते, तर नव्यात रहिवाशांना आपला मानणारा पुरुष आहे. कागदोपत्री पत्ता कार्यालये बदलू शकतात. एसटीतून उतरलेल्या पाहुण्याने वाट विचारल्यावर पारावरून कोणते नाव सांगितले जाते, ते मात्र शासन निर्णयाच्या कक्षेत येत नाही.