कचऱ्याचा डबा आणि नाकाची साक्ष

स्वयंपाकघरातील कचऱ्याच्या डब्याला येणारा वास हा आरोग्यविषयक सदराचा विषय कसा काय, असे काही वाचकांना वाटेल. परंतु ज्या घरात केवळ वृद्ध दांपत्य राहते, किंवा एखाद्या आजी एकट्याच राहतात, तेथे तपासणीसाठी गेलो की माझे लक्ष औषधांच्या डब्याइतकेच या डब्याकडेही जाते. त्याला वास येत असेल तर घरात स्वच्छता नाही, एवढाच त्याचा अर्थ नसतो. कुणाला वाकता येत नाही, कुणाला जिना उतरवत नाही, कुणाचे अर्धे जेवण ताटातून थेट डब्यात जाते, आणि कुणाला तो वास मुळी येतच नाही. या शेवटच्या कारणाकडे मी पुढे वळणार आहे. आधी वासाचा उगम पाहू.

ओल्या कचऱ्यातील जीवाणू अन्नाचे विघटन करतात. प्रथिनांपासून अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे उग्र वायू तयार होतात. दूधदुभते आणि तूपकट पदार्थ यांपासून खवट वासाची आम्ले. तळाशी पाणी साचले की तेथे हवा पोहोचत नाही, आणि हवेवाचून वाढणारे जीवाणू ही दुर्गंधी अधिकच वाढवतात. नाशिकजवळ विल्होळी येथे महापालिकेने जर्मनीच्या सहकार्याने उरलेल्या अन्नापासून आणि मैल्यापासून वायू व वीज मिळवण्याचा प्रकल्प उभारला, त्यामागचे तत्त्व हेच आहे: ओलावा, ऊब आणि हवेचा अभाव. तेथे बंद टाकीत मुद्दाम घडवून आणले जाते, ते आपल्या ओट्याखाली अनायासे घडते. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीकडे झुकू लागला की सकाळचा कचरा सायंकाळीच बोलू लागतो.

तेव्हा उपायाचे मर्म दोन गोष्टींत आहे: पाणी राहू द्यायचे नाही आणि वेळ द्यायचा नाही. आमटी, ताक, भाजी धुतलेले पाणी डब्यात ओतू नये. चहाचा चोथा, भिजलेला भात गाळणीत निथळू द्यावा. भाज्यांची साले, कलिंगडाच्या फोडी वर्तमानपत्रावर पसरून गॅलरीत दोन-तीन तास सुकू दिल्या तरी पुरते. पावसाळ्यात हे साधत नाही, तेव्हा कागदात गुंडाळाव्यात. डब्याच्या तळाशी जुन्या वर्तमानपत्राची चौपदरी घडी किंवा मूठभर वाळलेली पाने घातली की उरलेला ओलावा शोषला जातो. मासळीचे खवले आणि कोंबडीची हाडे यांचा वास सर्वांत लवकर सुटतो. ती कागदात बांधून, झाकणाच्या वेगळ्या डब्यात, घंटागाडी येईपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवावीत. काही घरांत ही सूचना ऐकून नाके मुरडली जातात, हे मला ठाऊक आहे. पण डबा घट्ट बंद असेल तर त्यात गैर काही नाही.

वृद्धांच्या घरी एक अडचण वेगळीच असते. दोन माणसांचा कचरा तो किती! मोठा डबा तीन दिवसांनीही भरत नाही, आणि न भरलेला डबा रिकामा करणे काटकसरीत वाढलेल्या पिढीच्या जिवावर येते. अशा घरी मी डबा लहान घ्यायला सांगतो, एका दिवसात भरेल एवढाच. तो उचलायलाही हलका असतो. पायाने उघडणारे झाकण कंबर आणि गुडघे दुखणाऱ्यांना सोयीचे. रिकामा डबा रोज साबणाने धुऊन उन्हात उपडा ठेवावा. धुताना सांडलेले पाणी मात्र लगेच पुसावे, कारण ओल्या फरशीवरून घसरून मोडलेले खुबे मी पुष्कळ पाहिले आहेत. आपल्याकडे द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की डब्याभोवती चिलटे जमतात. अंड्यापासून उडत्या चिलटापर्यंतचा प्रवास उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांचा असतो; सडके मणी रोजच्या रोज घराबाहेर गेले तर तो पुरा होत नाही.

दुर्गंधीवर फिनाइल किंवा सुगंधी फवारे मारण्याची सवय मला पसंत नाही. वास झाकला जातो, कचरा तसाच राहतो, आणि दम्याच्या रुग्णाचा श्वास मात्र अडकतो. फार तर धुतलेल्या, कोरड्या डब्यात चमचाभर खायचा सोडा भुरभुरावा. आंबूस वास त्याने कमी होतो. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करण्याचे आम्ल ही दोन्ही एकत्र करून डबा घासण्याचा पराक्रम कुणीही करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद मोरीत तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो.

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले रुग्ण आहेत, त्यांनी डायपर ओल्या कचऱ्यात टाकू नयेत. मळ आधी संडासात टाकून, डायपर कागदात घट्ट गुंडाळून, वेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवावा. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही असा कचरा गुंडाळून देण्याची जबाबदारी आपल्यावर टाकली होती. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत साठवून वेगळ्या द्याव्यात. घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात प्रत्येक वेळी मोजा असतोच असे नाही.

आता नाकाविषयी. सून म्हणते डब्याला घाण वास येतो, सासूबाई म्हणतात मला तर काहीच येत नाही, आणि दोघीही खरे बोलत असतात. एकाच वासात बराच वेळ राहिले की कोणाचेही नाक त्याला सरावते, हे एक. दुसरे असे की वयानुसार घ्राणशक्ती मंदावते. 1984 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 65 ते 80 या वयोगटातील निम्म्याहून अधिक व्यक्तींची घ्राणशक्ती लक्षणीय घटलेली आढळली. 80 वर्षांपुढे हे प्रमाण तीनचतुर्थांशाहून अधिक होते. चष्म्याचा नंबर वाढला की कळते, ऐकू कमी आले की घरचे बोलून दाखवतात, नाकाचे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. कचऱ्याचा डबा ते उघड करतो.

याची काळजी करायची ती डब्यासाठी नव्हे. ज्या नाकाला सडलेली भाजी कळत नाही, त्याला नासलेले दूध, करपलेली भाजी आणि गळणारा गॅसही कळणार नाही. स्वयंपाकाच्या वायूला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. ती सूचना नाकापर्यंत पोहोचलीच नाही तर व्यर्थ.

घरी साधी परीक्षा करता येते. डोळे मिटायला सांगून, एकेक नाकपुडी बंद करून हिंग, लवंग, कॉफी नाकाशी धरावी. ओळखता आले नाही तर डॉक्टरांना सांगावे. जुनी सर्दी, नाकातील कोंब, तंबाखू, डोक्याला झालेली इजा, कोविड, काही औषधे अशी कारणे असतात, त्यांतील काही दूर करता येतात. क्वचित कंपवात किंवा अल्झायमर या विकारांची इतर लक्षणे दिसण्यापूर्वी काही वर्षे वास जातो. म्हणून हालचाल मंदावणे, हात थरथरणे, विसराळूपणा सोबत असेल तर तपासणी लांबवू नये. नुसताच वास कमी झाला असेल तर बहुतेकदा वय हेच कारण असते.

अशा घरी गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवावे. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड, म्हणून ते जमिनीलगत. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हलका, म्हणून तेथे छताजवळ. रात्री रेग्युलेटर बंद करावा. फ्रीजमधील उरलेल्या अन्नाच्या डब्यावर वार लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे ताजेपणाचा निवाडा नाकावर सोपवावा लागत नाही.

आणि हे सारे करताना 'तुम्हाला एवढाही वास येत नाही का?' असे आईला किंवा सासूबाईंना विचारू नये. ज्या बाईने चाळीस-पन्नास वर्षे ओटा लखलखीत ठेवला, तिला हा प्रश्न वर्मी लागतो, आणि पुढच्या वेळी ती वास येत असल्याचे खोटेच सांगते. घंटागाडीच्या वेळी डबा खाली नेण्याचे काम नातवाकडे किंवा शेजारच्या कुणाकडे ठरवून द्यावे, आणि तो सुट्टीवर गेला तर कोण, हेही त्याच वेळी ठरवावे.