किल्ली कुणाच्या हातात?

केंद्रातल्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. संगणकाची किल्ली कुणाकडे असते, हे मात्र आपण विचारतच नाही.

दोन वर्षांपूर्वी अमरावतीच्या आमच्या सल्ला केंद्रातला संगणक बंद पडला. नेहमीप्रमाणे दुकानातल्या मुलाला बोलावलं. तो डबा उचलून घेऊन गेला आणि तीन दिवसांनी आणून दिला. त्या डब्यात २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या अर्जांचे मसुदे होते. कोण माहेरी आहे, कोण बहिणीकडे लपून राहते, कुणाला कोणत्या वेळी फोन करायचा नाही, हे सगळं त्यात होतं. मुलगा सज्जन होता, काही वाईट घडलं नाही. पण ते घडलं नाही यात आमचं कर्तृत्व काहीच नव्हतं. ठाण्यात एखाद्या बाईचा अर्ज भलत्याच्या हाती लागला तर आपण जाब विचारायला जातो. इथे आम्हीच अख्खं कपाट परक्या हाती दिलं होतं.

मग हे काम आम्ही शिकलो का नव्हतो? बुद्धी कमी म्हणून नाही. घरात रेडिओ उघडून बसलेल्या मुलाचं कौतुक होतं, मुलीला ‘हात लावू नको, बिघडेल’ असं ऐकावं लागतं. पुढे आम्ही एमएस-सीआयटीही केलं. पत्र टाइप करणं, तक्ता करणं आलं. यंत्र बिघडवून पाहण्याची मुभा मात्र कुणी दिली नाही, आणि त्याशिवाय यंत्र कळत नाही.

म्हणून मागच्या हिवाळ्यात अकोल्याच्या मैत्रिणींनी दोन दिवसांचं शिबिर ठेवलं, तेव्हा मी बडनेऱ्याहून गाडी धरली. आम्ही नऊ जणी, चार लॅपटॉप. विषय होता, आभासी यंत्रात लिनक्स बसवणं.

आभासी यंत्र म्हणजे चालू संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा संगणक. त्याची डिस्क ही खरं तर बाहेरच्या संगणकावरची एक मोठी फाइल असते. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमनं १९७२ साली आपल्या मोठ्या यंत्रांसाठी ती बाजारात आणली होती. आज व्हर्च्युअलबॉक्ससारखं सॉफ्टवेअर हेच काम फुकट करतं. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ साली फिनलंडमध्ये लिहायला घेतला. तो कुणीही पाहावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, असा त्याचा परवाना आहे.

आम्ही लिनक्स मिंटची सुमारे ३ जीबीची फाइल आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर आणली होती. एका लॅपटॉपवर काही केल्या आभासी यंत्र सुरू होईना. संगणक सुरू होताना उघडणाऱ्या बायोसमध्ये त्याची परवानगी बंद होती. ती चालू केली. ८ जीबी मेमरीतली ४ जीबी आतल्या यंत्राला दिली, डिस्कला २५ जीबी. मग पडद्यावर प्रश्न आला : डिस्क पुसून टाकू का?

सगळ्यांचे हात थांबले. एक जण म्हणाली, “ताई, आपल्या साऱ्या केसी पुसल्या जाईन न वं! त्या पोट्ट्यालेच बोलावू.”

पुसली जाणार होती ती फक्त आतली, रिकामी डिस्क. हे दोनदा समजावून सांगितलं, तेव्हा तिनं स्वतः बटण दाबलं. अर्ध्या तासात लिनक्स उभं राहिलं. दुपारी आम्ही त्याची त्या क्षणाची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, घेतली आणि मग मुद्दाम ते मोडलं. नको त्या फायली उडवल्या, यंत्र सुरूच होईना. स्नॅपशॉटवर परत गेलो आणि सगळं जागेवर आलं. त्या दुपारी जेवढं हसू ऐकलं तेवढं शिबिरात क्वचित ऐकू येतं.

कुणी म्हणेल, मार खाऊन आलेली बाई दारात उभी असताना हे चोचले कशाला? मला वाटतं, तिच्यासाठीच. तिचा पत्ता सांभाळणं हे तिला सांभाळण्याचाच भाग आहे.

पण भाबडेपणाही नको. लिनक्स बसवतानाच डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्याय असतो, तो घ्यावा. मात्र पासवर्ड हरवला तर नोंदी कुणालाच उघडता येत नाहीत, म्हणून तो दोघींकडे हवा आणि नोंदींची वेगळी प्रतही हवी. शिवाय बाहेरच्या विंडोजमध्येच हेरगिरीचं सॉफ्टवेअर असेल, तर आत टाइप केलेलं अक्षरन् अक्षर त्याला दिसतं. तेव्हा आभासी यंत्र ही शाळा समजावी, तिजोरी नव्हे. हात बसला की एखाद्या जुन्या संगणकावर लिनक्स थेट बसवावं आणि नोंदी तिथे ठेवाव्यात. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ न पेलणारे संगणक आपल्या अनेक केंद्रांत आहेत; ते भंगारात घालण्याआधी हा विचार व्हावा.

अडचणी येतील. हिशेबाचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा विंडोजच मागतं. युनिकोडच्या आधीच्या फाँटमधले जुने अहवाल अगम्य दिसतात, ते बदलून घ्यावे लागतात. लिबरऑफिस मात्र मराठीत मिळतं आणि मराठी टंकलेखनाची सोयही आहे.

आणि हे जगही पुरुषांचंच आहे, हे विसरू नये. त्यात जागा मिळावी म्हणून बायकांना १९९८ साली ‘लिनक्सचिक्स’ आणि २००४ साली ‘डेबियन विमेन’ असे गट उभारावे लागले. फुकट मिळालं म्हणजे हक्काचं झालं असं नसतं.

माझी सूचना एवढीच : प्रत्येक केंद्रातल्या निदान दोघींनी, शक्यतो एक तरुण आणि एक पन्नाशीतली, हे काम स्वतःच्या हातांनी शिकावं. सुरुवात आभासी यंत्रापासून करावी, कारण तिथे चूक माफ आहे. आम्ही अमरावतीत आता महिन्यातला एक शनिवार त्यासाठी राखला आहे. संगणक अजूनही बिघडतो. पण आता तो दुकानात जाण्याआधी नोंदींची डिस्क आम्ही काढून घेतो. ती काढणारी तीच, अकोल्यात ‘पोट्ट्याले बोलावू’ म्हणणारी.