नापा खोऱ्यातील घोट आणि त्याचे मोल

अमेरिकेत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मुलाकडे वा मुलीकडे काही महिने राहून येणे, ही गोष्ट महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत आता नवलाईची राहिलेली नाही. निवृत्त शिक्षक, बँकेतून वा सरकारी कचेरीतून सेवानिवृत्त झालेले कर्मचारी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवतालच्या गावांत जाऊन राहतात. उच्च शिक्षणासाठी गेलेले विद्यार्थी तर त्या परिसरात आधीपासूनच असतात. गोल्डन गेटचा पूल पाहून झाला, योसेमिटीचे धबधबे पाहून झाले, की एखाद्या शनिवारी नापा खोऱ्यातील वायनऱ्या पाहण्याची टूम निघते. या प्रस्तावावर सामान्यतः दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काहींना संकोच वाटतो. दारूच्या कारखान्यात आपले काय काम, असे त्यांना वाटते. काहींना उलट फुशारकी सुचते. पेला हातात धरल्याचे छायाचित्र नातेवाइकांना पाठविले की त्यांची सहल सुफळ होते. या दोन्ही वृत्तींमुळे तेथे पाहण्यासारखे आणि शिकण्यासारखे जे आहे, ते मात्र बाजूला राहते.

नापा हे सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचे एक चिंचोळे खोरे आहे. कॅलिफोर्नियात तयार होणाऱ्या एकूण वाइनपैकी जेमतेम चार टक्के वाइन येथे होते. चार्ल्स क्रुग यांनी १८६१ मध्ये येथे वायनरी काढली. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. त्या तेरा वर्षांत हा धंदा जवळजवळ मोडून पडला आणि पुढे कित्येक वर्षे सावरला नाही. रॉबर्ट मोंडावी यांनी १९६६ मध्ये आपली वायनरी उभारली, तेव्हापासून खोऱ्याचे दिवस पालटले असे मानले जाते. १९६८ मध्ये तेथील स्थानिक शासनाने खोऱ्यातील जमीन शेतीसाठी राखून ठेवणारा निर्बंध घातला. सॅन फ्रान्सिस्कोसारखे महानगर जवळ असताना ती जमीन प्लॉट पाडणाऱ्यांच्या हाती गेली नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी या निर्बंधाला दिले पाहिजे. नाशिक आणि पुण्याभोवतालच्या बागायती जमिनींचे काय होत आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना एवढी एक गोष्टही विचार करावयास पुरेशी आहे.

तथापि नापाचे नाव जगभर झाले ते एका परीक्षेमुळे. पॅरिसमध्ये दुकान चालविणारे इंग्रज वाइन-व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी २४ मे १९७६ रोजी तेथे एक चाचणी आयोजित केली. फ्रान्समधील नामांकित वाइन आणि कॅलिफोर्नियातील वाइन यांचे पेले नाव झाकून ठेवण्यात आले, आणि नऊ फ्रेंच जाणकारांनी त्यांना गुण दिले. पांढऱ्या वाइनमध्ये शातो मोंटेलेना आणि तांबड्या वाइनमध्ये स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स अशा नापातील दोन वायनऱ्या पहिल्या आल्या. स्टॅग्ज लीपचे संस्थापक वॉरेन विनियार्स्की हे पूर्वी शिकागो विद्यापीठात अध्यापक होते. शिक्षकवर्गाने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. परीक्षक फ्रेंच, परीक्षा फ्रान्सच्या राजधानीत, आणि तरीही निकाल फ्रान्सच्या विरुद्ध लागला. हे शक्य झाले त्याचे कारण एकच: चाखणाऱ्याला नाव ठाऊक नव्हते.

नाव आणि किंमत माणसाच्या जिभेवर किती सत्ता गाजवितात, हे पुढे प्रयोगानेही दाखविले गेले. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात एकच वाइन काही वेळा १० डॉलरची म्हणून आणि काही वेळा ९० डॉलरची म्हणून देण्यात आली. ९० डॉलर सांगितल्यावर तीच वाइन लोकांना अधिक रुचली. इतकेच नव्हे, तर सुखाची नोंद घेणारा मेंदूचा भागही अधिक उद्दीपित झाला. म्हणजे किंमत ही केवळ खिशातून जाणारी वस्तू नाही, ती चवीतही उतरते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ग्राहकाची आवड आधी आणि किंमत नंतर असा क्रम असतो. वायनरीच्या सजविलेल्या दालनात हा क्रम उलटा होतो. म्हणून जाणाऱ्याने पाळावयाचा पहिला नियम असा, की दरपत्रक उपडे ठेवावे, आधी चाखावे, बरे-वाईट स्वतःशी ठरवावे, आणि मगच दर वाचावेत. आपल्याला आवडली ती स्वस्त निघाली, तर लाज वाटण्याचे कारण नाही. त्यात आपलाच फायदा झाला, असे समजावे.

दुसरी गोष्ट, चाखण्याचे दालन हे दुकान आहे याचा विसर पडू देऊ नये. दारूबंदी उठल्यावर अमेरिकेत उत्पादक, घाऊक व्यापारी आणि किरकोळ विक्रेता अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था रूढ झाली. मधल्या पायऱ्यांचा नफा वाचवावयाचा, तर ग्राहकाला थेट आपल्या दारी आणणे हाच लहान वायनरीचा मार्ग उरतो. दुसऱ्या राज्यातील ग्राहकाला माल परस्पर पाठविण्याच्या बाबतीत राज्याबाहेरच्या वायनऱ्यांना दुजाभावाने वागविता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला, त्यानंतर हा मार्ग अधिकच रुंदावला. म्हणून पाहुण्याचे अगत्य होते, गोष्टी सांगितल्या जातात, आणि अखेरीस ‘क्लब’चे सभासद होण्याचा आग्रह होतो, म्हणजे दर काही महिन्यांनी ठरावीक बाटल्या घरी येणार आणि पैसे आपोआप वळते होणार. चार महिन्यांनी मायदेशी परतणाऱ्याने या कागदावर सही करण्यात काहीच हशील नाही. तेथे राहणाऱ्या मुलानेही दुसऱ्या दिवशी, पेल्याचा अंमल उतरल्यावर, त्याचा विचार करावा.

पूर्वी पुष्कळ ठिकाणी चव फुकट मिळे. आता कित्येक वायनऱ्यांत माणशी ५० डॉलरहून अधिक आकार पडतो. तो ठरण्यापूर्वीच विचारून घ्यावा, आणि खरेदी केल्यास त्यात सूट मिळते काय हेही विचारावे. पुष्कळ ठिकाणी दोघांनी मिळून एकाचीच चव घेण्यास हरकत नसते. असे विचारण्यात कमीपणा नाही. वेळ मात्र आगाऊ ठरवूनच जावे. १९९० च्या स्थानिक नियमानुसार त्यानंतर निघालेल्या वायनऱ्यांना पूर्वसूचनेशिवाय पाहुणे घेता येत नाहीत. आणि आकार भरला म्हणून पेला रिकामा केलाच पाहिजे, हा समज सोडून द्यावा. भरलेले पैसे बुडीत खर्चात जमा असतात; न आवडलेली वाइन पिऊन ते परत येत नाहीत, उलट डोके मात्र जड होते.

चाखण्याची रीत साधी आहे, तिचे अवडंबर माजविण्याचे कारण नाही. उपाशीपोटी जाऊ नये. अंगाला अत्तर वा सुगंधी द्रव्य लावू नये, कारण चवीचा मोठा भाग वासातूनच कळतो आणि आपल्या अत्तराने शेजाऱ्याचीही चव बिघडते. हलक्या पांढऱ्या वाइनपासून आरंभ करून गडद तांबडीकडे, आणि गोड असल्यास शेवटी तिच्याकडे जावे. पेला दांडीला धरावा, रंग पाहावा, थोडा फिरवून वास घ्यावा, लहानसा घोट तोंडात घोळवावा, आणि नंतर तो थुंकून टाकावा. त्यासाठी प्रत्येक टेबलावर भांडे ठेवलेले असते. थुंकणे हा आपल्याकडे असभ्यपणा मानला जातो. तेथे मात्र जो थुंकतो तो जाणकार ठरतो. एका वहीत दोन ओळी टिपाव्यात: आंबट लागली, तुरट लागली, पिकल्या जांभळाची आठवण झाली. विक्रेत्याने सांगितलेले ‘ब्लॅककरंट’ ज्याने कधी खाल्ले नाही, त्याने ते जाणवल्याचा आव आणू नये. जांभूळ, करवंद, चिंच, वेलदोडा हे आपले शब्द त्या कामी उणे पडणारे नाहीत.

हिशेबाचा भाग याहून महत्त्वाचा आहे. एका चवीला ३० ते ४५ मिलिलिटर वाइन ओततात, आणि एका ठिकाणी बहुधा पाच चवी असतात. सर्व प्याल्यास एका वायनरीत १५० ते २२५ मिलिलिटर पोटात जाते. अशी तीन ठिकाणे झाली तर ७५० मिलिलिटरची जवळजवळ एक बाटली संपते, आणि नापाच्या तांबड्या वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण बहुधा १४ टक्क्यांहून अधिक असते. म्हणून दिवसाला दोन वायनऱ्या पुरेत, आणि मोटार चालविणाऱ्याने एक घोटही गिळू नये. कॅलिफोर्नियात रक्तातील मद्यार्काची मर्यादा दर १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम, म्हणजे भारतातील ३० मिलिग्रॅमपेक्षा सैल आहे. पण त्या सैलपणावर विसंबणे धोक्याचे आहे. मद्यप्राशन करून वाहन चालविल्याबद्दल अटक झाली, तर केवळ त्या कारणावरून परदेशी नोकरदाराचा वा विद्यार्थ्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. एका दुपारच्या मौजेपायी मुलाची दहा वर्षांची घडी विस्कटावी, हा सौदा कोणत्याही हिशेबाने परवडणारा नाही. उघडलेली बाटलीही मोटारीत बसण्याच्या जागी ठेवता येत नाही, ती मागच्या डिकीतच ठेवावी लागते. एकवीस वर्षांखालील तरुणांना तर तेथे चव घेण्याचीही परवानगी नाही.

यावर कोणी म्हणेल, की इतके सायास करण्यापेक्षा न गेलेलेच बरे. या आक्षेपाला उडवून लावता येणार नाही. मद्यार्काची कोणतीही मात्रा आरोग्याला पूर्णतः निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२३ मध्ये स्पष्टपणे म्हटले आहे. भारतीय राज्यघटनेचा ४७ वा अनुच्छेदही राज्यसंस्थेला मद्यनिषेधाची दिशा दाखवितो. जो पीत नाही त्याने नापाला जाऊन पिण्यास आरंभ करावा, असे कोणी सांगणार नाही. परंतु न पिणाऱ्याने तेथे जाऊ नये, हेही खरे नाही. पेला नाकारण्यासाठी ‘मी घेत नाही’ एवढे तीन शब्द पुरतात. प्रकृतीची खोटी सबब सांगण्याची गरज नसते. त्याने बाग पाहावी, पिंपांचे तळघर पाहावे आणि प्रश्न विचारावेत.

प्रश्न पुष्कळ आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. कीड अमेरिकेतून गेली होती, आणि उपायही अमेरिकेतूनच गेला: तेथील रानद्राक्षाच्या मुळावर फ्रेंच वेलीचे कलम बांधण्यात आले. पुढे १९८० च्या दशकात नापातील पुष्कळ बागांचा खुंट याच किडीपुढे टिकला नाही आणि त्या बागा उपटून पुन्हा लावाव्या लागल्या. नाशिक-सांगलीकडचा द्राक्षबागाईतदार आज ‘डॉगरिज’ खुंटावर कलम करतो, तो खुंटही मूळचा अमेरिकेचाच. नापाची वेल थंडीत झोपी जाते आणि तिची छाटणी वर्षातून एकदाच होते. महाराष्ट्रात एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशा दोन छाटण्या करून एकच पीक घेतात. ज्याच्या घरी वा गावी द्राक्षाची बाग आहे, त्याला तेथील माळ्याशी बोलण्यास विषयाची वाण पडणार नाही.

आणखी एक प्रश्न मजुरांचा. कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेकडील डेलानो येथे १९६५ मध्ये द्राक्षमजुरांचा संप झाला. फिलिपिनो मजुरांनी तो सुरू केला. सेझार चावेझ यांची संघटना त्यात उतरली. गांधीजींपासून आपण स्फूर्ती घेतली, असे चावेझ सांगत. त्यांनी १९६८ मध्ये पंचवीस दिवसांचे उपोषणही केले. १९७० मध्ये बागाईतदारांनी करार केले. नापात तर हंगामी मजुरांच्या वसतिगृहांसाठी बागाईतदार एकरामागे वर्गणीवजा कर देतात. पेठ-सुरगाण्याकडून नाशिकच्या बागांवर येणाऱ्या आदिवासी मजुरांच्या निवाऱ्यासाठी अशी काही व्यवस्था का होऊ नये, हा प्रश्न त्या सहलीतून कोणी घेऊन आला, तर ती सहल सत्कारणी लागली असे म्हणता येईल.

बाटलीवरील कागदही वाचावा. ‘नापा व्हॅली’ असे लिहावयाचे, तर किमान ८५ टक्के द्राक्षे त्या खोऱ्यातील असावी लागतात. विक्रेत्याला मालाची माहिती अधिक आणि ग्राहकाला कमी असते, तेथे कायदा हाच ग्राहकाचा साक्षीदार असतो. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण स्वीकारले आणि नाशिकभोवती वायनऱ्या उभ्या राहिल्या. मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय शासनाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला, तेव्हा त्याला प्रखर विरोध झाला. त्या वादात शेतकऱ्याचे हित आणि समाजाचे आरोग्य हे दोन मुद्दे हिरिरीने मांडले गेले. पण ग्राहकाला खरी माहिती मिळण्याचा तिसरा मुद्दा फारसा कोणी मांडला नाही.

परतताना बाटली आणावयाची असल्यास ती विमानात हातातील पिशवीत चालत नाही, सामानात नीट गुंडाळून द्यावी लागते. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य जकातीशिवाय आणता येते. म्हणजे दोन बाटल्या बसतात, तिसरी मर्यादा ओलांडते. किंबहुना दोनही आणल्याच पाहिजेत असे नाही. १९७६ च्या त्या नऊ परीक्षकांना नाव झाकल्यावरच खरी चव कळली. परदेशी जाणाऱ्या मराठी माणसाला वाइनखेरीज आणखीही कितीतरी गोष्टी नाव आणि किंमत पाहूनच थोर वाटत असतात. त्या झाकून पाहण्याची सवय या सहलीत लागली, तर तिच्यावर कोणतीही जकात पडत नाही.