विचारा, आणि पुढे काय झालं तेही सांगा

मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर कुणी अडचण मांडली आणि ती वाऱ्यावर राहिली, असं सहसा होत नाही. नव्याने इथे आलेल्या कुटुंबाला भाड्याच्या घरापासून शाडूच्या गणपतीपर्यंत सगळं तिथेच कळतं. ही आपली मोठी मिळकत आहे. म्हणूनच हौसेने उत्तरं देणारे जुने सभासद अलीकडे एकेक करून गप्प होऊ लागले, याची काळजी वाटते. कारण विचारलं तर बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात. प्रश्न येतो, “व्हिसाचं कुणाला माहीत आहे का? अर्जंट!” कुणाचा व्हिसा, कुठला, अर्ज केलाय की करायचाय, काही पत्ता नाही. उलटे प्रश्न विचारून माहिती खोदून काढायची, उत्तर द्यायचं, आणि पुढे काय झालं ते कधीच कळायचं नाही.

अर्धवट माहितीने कसा घोळ होतो, त्याचं गावाकडचंच एक उदाहरण घ्या. आपल्यात नगर जिल्ह्यातली, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, बरीच मंडळी आहेत. अकोले-संगमनेरकडच्यांना 2020 चा उन्हाळा आठवत असेल. टोमॅटो नीट पिकेना. एकाच फळावर लाल, पिवळे, हिरवे डाग. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटलं. फोटो मोबाइलवरून गावोगाव फिरले, आणि पाठोपाठ हा रोग माणसालाही घातक असल्याची अफवा फिरली. लॉकडाऊनने आधीच पडलेल्या बाजारात शेतकऱ्यांना तो आणखी एक घोर लागला. उलगडा झाला तो नमुने बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेत तपासले गेले तेव्हा. एकाहून अधिक विषाणू सापडले, आणि वनस्पतींच्या अशा विषाणूंची माणसाला लागण होत नाही.

नुसत्या फोटोवर पिकाचं दुखणं ओळखणं किती अवघड असतं, ते टोमॅटो लावणाऱ्या कुणालाही विचारा. जाणकार आधी विचारतो: वाण कोणता? लागवड कधीची? पाणी ठिबकने की पाटाने? शेवटची फवारणी कशाची, किती दिवसांपूर्वी? पिवळेपणा शेंड्याकडून आला की बुडाकडून? ज्याला लवकर उत्तर हवंय तो शेतकरी हे सगळं पहिल्याच निरोपात लिहितो आणि पानाची खालची बाजूही दाखवतो. आपलंही तसंच असावं. “आईबाबा पहिल्यांदाच येताहेत, वय 68 आणि 72, आईला मधुमेह आहे, सरकारी माहिती वाचली, अर्ज भरला, फक्त आधीच्या आजाराला विमा कोणता चालेल ते कळत नाही,” असं लिहिलं की ज्याला ठाऊक आहे तो बसल्या जागी दोन ओळींत सांगू शकतो.

गावाकडे रामराम होतो, पाण्याचा तांब्या पुढे येतो, ख्यालीखुशाली होते, मग पाहुणा कामाचं बोलतो. ती रीत मला फार प्रिय आहे. पण गटावर नुसतं ‘नमस्कार’ टाकून थांबलं, तर समोरचा कामाच्या गडबडीत विचार करत राहतो की आता काय येणार. नमस्कार आणि काम एकाच निरोपात लिहावं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्यातल्या डॉक्टरांना रात्री-अपरात्री नातेवाइकांचे रिपोर्ट पाठवले जातात. ओळखीपोटी त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि पेशंट न बघता हो म्हणणंही जोखमीचं असतं. त्यांना त्या पेचात टाकू नये. दुसऱ्याचा पासपोर्ट, रिपोर्ट किंवा फोन नंबरही त्याला विचारल्याशिवाय गटावर टाकू नये.

हे झालं विचारण्याचं; आता उत्तर मिळाल्यानंतरचं. वर ज्याचा उल्लेख आला त्या अकोले तालुक्यातच कोंभाळणे गाव आहे, राहीबाई पोपेरे यांचं. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी वालाच्या, भाताच्या, भाज्यांच्या कितीतरी गावरान वाणांचं बी जपलं. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बियाणे बँकेतून बी नेणाऱ्याने पीक आल्यावर नेलं त्याच्या दुप्पट परत करायचं, असा रिवाज. त्यामुळे पुढच्या मागणाऱ्यासाठी बँकेत आधीपेक्षा जास्त बी असतं.

आपल्या गटाला नेमकं हेच हवं आहे. सल्ला घेऊन गेलेल्याने परत येऊन सांगावं की तो लागू पडला की नाही, कागद कोणता कमी पडला, किती दिवस लागले. ‘धन्यवाद’ने मन सुखावतं, पण पुढच्या कुटुंबाचा हेलपाटा वाचतो तो या माहितीने. सल्ला चुकीचा निघाला असेल तर तेही लिहावं. देणाऱ्याला त्याचा राग येऊ नये.

पुढच्या अंकापासून शेवटच्या पानावर ‘पुढे काय झालं’ हे सदर सुरू करत आहोत. गेल्या वर्षभरात ज्यांनी गटावर मदत मागितली, त्यांनी आपला अनुभव आठ-दहा ओळींत संपादक मंडळाकडे पाठवावा. नाव छापायचं नसेल तर तसं कळवा, आम्ही छापणार नाही. घर, शाळाप्रवेश आणि आईवडिलांचा विमा या तीन विषयांवरचे अनुभव आधी घेऊ, कारण नव्याने येणारी कुटुंबं सर्वांत जास्त तिथेच अडतात.